गोष्ट अण्णाच सांगतील

आमच्या मराठी मंडळात एक नियम आहे: ज्यानं गोष्ट लिहिली, त्यानं ती वाचायची नाही. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी बसवनगुडीतल्या एका देवळामागच्या हॉलमध्ये आम्ही जमतो. तुमची गोष्ट कोणीतरी दुसराच मोठ्यानं वाचतो आणि तुम्ही मागच्या रांगेत तोंड मिटून बसायचं. चर्चा संपेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. लेखक स्वतः वाचायला लागला की गोष्टीची भोकं आवाजानं बुजवतो, असं नियम करणाऱ्या जुन्या मंडळींचं म्हणणं होतं. मला तो नियम फार पटायचा. स्वतःची पाळी येईपर्यंत सगळे नियम पटतातच.

माझी गोष्ट एक म्हातारा सांगतो. गोष्टीतला ‘मी’ म्हणजे तो. घरासाठी आपण आयुष्यभर काय काय केलं ते तो मोठ्या समाधानानं सांगत जातो, आणि त्या ओघात धाकट्या भावाच्या बायकोची नोकरी कशी सोडवली तेही सांगतो. ती शाळेत शिकवत असते. तो तिला विचारत नाही, तिच्या नवऱ्याला विचारत नाही. परस्पर शाळेत जातो आणि हेडमिस्ट्रेसबाईंना सांगून येतो की उद्यापासून ही यायची नाही. घरी येऊन तिला म्हणतो, “बाई, तुझी बसची दगदग मी कायमची संपवली.” आणि मग आपल्याला, म्हणजे वाचणाऱ्याला, विश्वासात घेऊन म्हणतो, “तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकांना आनंद सोसत नाही.”

ती बाई म्हणजे माझी आई. तो म्हातारा म्हणजे माझे थोरले काका. सगळं घर त्यांना अण्णा म्हणायचं. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आई बेळगावकडची, लग्न होऊन बेंगळुरूच्या या घरात आली. आमचं घर इथं इतक्या पिढ्यांचं की आमच्या मराठीत कन्नड कुठं सुरू होतं ते आम्हालाच सांगता येत नाही. आई लहान वर्गांना गणित शिकवायची. ती नोकरी तिनं स्वतः मिळवली होती, कोणाच्या ओळखीनं नव्हे. अण्णांनी ती सोडवली तेव्हा मी पाळण्यात होते. आता आई बनशंकरीला माझ्याजवळ राहते आणि अजूनही भाजीवाल्याचा हिशेब त्याच्या आधी तोंडी करून टाकते.

अण्णांच्या तोंडची वाक्यं मला शोधावी लागली नाहीत. ती गोष्ट ते दर वर्षी गौरीच्या जेवणाला सांगायचे. पाहुणे पानावर बसलेले, आई वाढत फिरते आहे, आणि अण्णा रंगवून सांगताहेत की आमच्या घरात सुनांना कसं फुलासारखं जपलं जातं. एकदा, मी कॉलेजात असताना, आई हातातलं भांडं तसंच धरून थांबली आणि म्हणाली, “मी रडत होते, अण्णा.” अण्णा हसून म्हणाले, “हो हो. आनंदानं!” सगळी पंगत हसली. आईनं पुढच्या पानावर भात वाढला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण त्या पंगतीत मीही मूग गिळून बसले होते, कारण आमच्याकडे पानावरून उठायची रीत नाही.

तर ही गोष्ट लिहायची असं मी ठरवलं तेव्हा पहिला प्रश्न होता तो हाच: सांगणार कोण? हेब्बाळच्या कंपनीत मी सॉफ्टवेअरच्या सूचनापुस्तिका लिहिते. तिथं सांगणारा कोणी नसतोच. ‘बटण दाबा’ असं लिहायचं, कोण म्हणतंय हे कोणी विचारत नाही. गोष्टीत तशी सूट नाही. आधी मी ‘ती’ असं लिहून पाहिलं. दुरून, सगळ्यांच्या मनातलं जाणणाऱ्या माणसाच्या आवाजात. गोष्ट दीनवाणी झाली. आई पडद्यावरच्या सोशिक बाईसारखी दिसायला लागली, आणि माझी आई सोशिक मुळीच नाही, तिचं फक्त कोणी ऐकलं नव्हतं. मग आईलाच ‘मी’ केलं. तो खर्डा मी माझ्या चुलतबहिणीला दाखवला. ती म्हणाली, “अक्का, काकू स्वल्प जास्तच सांगते गं. अण्णांचा हेतू वाईट नव्हता.” म्हणजे कागदावरसुद्धा पुन्हा गौरीची पंगतच! तेव्हा मी दोन्ही खर्डे टाकून दिले आणि म्हटलं, ठीक आहे. अण्णांनाच सांगू दे. ते जितकं स्वतःला चांगलं म्हणतील तितके उघडे पडतील. वाचणारा मूर्ख नसतो.

वाचणारा मूर्ख नसतो, पण ऐकणाऱ्याचं सांगता येत नाही.

माझी गोष्ट वाचायला आली ती मंडळाच्या सगळ्यांत गोड आवाजाच्या सभासदाकडे. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी विजेचं बिल वाचलं तरी लोक डोळे पुसतील असा आवाज. त्यांनी अण्णांना असं काही प्रेमानं वाचलं की मला माझेच शब्द ओळखू येईनात. प्रत्येक बढाईला ममता, प्रत्येक दादागिरीला जिव्हाळा. “बायकांना आनंद सोसत नाही” या वाक्याला ते क्षणभर थांबले आणि हसरा श्वास सोडून बोलले. हॉल हसला. तसाच हसला, पंगतीसारखा. आई दुसऱ्या रांगेत बसली होती. तिची पाठ तेवढी मला दिसत होती.

गोष्ट संपली तेव्हा टाळ्या पडल्या. “काय माणसं होती हो जुनी!” “घराचा खांबच.” चर्चा याच सुरात झाली आणि मी नियमाप्रमाणे तोंड मिटून. लोकांचाही दोष म्हणवत नाही. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात दर वर्षी वडीलधाऱ्यांच्या आठवणींचं एक पान असतं, हार घातलेल्या फोटोसकट. ‘मी’ म्हणणारा म्हातारा दिसला की तो सज्जनच असणार, ही त्यांच्या कानांची सवय. संध्याकाळी सेक्रेटरीबाईंचा मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला: “सुंदर श्रद्धांजली! अण्णांचा चांगला फोटो पाठवा, अंकात घेऊ.”

हसावं की रडावं कळेना. मग राग आला, आणि तो राग मला आवडला. मी तिथंच, सगळ्यांच्या देखत लिहिलं: “ही श्रद्धांजली नाही. हा माणूस खोटं बोलतो आहे.”

पुढच्या रविवारी समितीनं मला बोलावलं. इतर सभासदही आले, भांडण कोणाला नको असतं? आईही आली. मी म्हटलं, तू कशाला? ती म्हणाली, “सरी, असू दे, तू चल तर.”

सेक्रेटरीबाई भल्या आहेत. त्यांनी कॉफी दिली, कोडबळ्यांची बशी पुढं केली आणि समजुतीनं म्हणाल्या की गोष्ट छान आहे, घ्यायचीच आहे, फक्त लोक गोंधळले. तर शेवटी एक ओळ घाला. ‘अण्णांची चूक होती हे आज कळतं’ अशी एखादी. नाहीतर ही गोष्ट या अंकात नको.

“गोंधळू देत,” मी म्हटलं. “ओळ घातली की तुम्ही अण्णांना माफ करून कोडबळे खायला मोकळे.”

बँकवाले काका म्हणाले, “मग त्रयस्थ निवेदन करा ना. दोन्ही बाजू येतील. समतोल राहील.”

“आमच्या घरात त्रयस्थ निवेदक कधी राहायलाच नव्हता, काका. एकच निवेदक होता. तो बोलायचा आणि बाकीचे वाढायचे. मी समतोल आणला तर ते खोटं होईल.”

“मग तुमच्या आईलाच बोलू द्या की गोष्टीत,” सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

हा सल्ला सगळ्यांत वाजवी वाटतो, म्हणून मला सगळ्यांत जास्त चीड त्याचीच आली. आई बोलली होती. भरल्या पंगतीत बोलली होती. तिचं वाक्य अण्णांनी एका शब्दात आपल्या गोष्टीत घालून टाकलं आणि लोक हसले. आता मी पुन्हा तिला उभी करायची आणि लोकांनी पुन्हा ठरवायचं की ती स्वल्प जास्त सांगते की कमी? मी हे सगळं बोलले, आवाज चढवून बोलले. लोकांना ऐकायची सवय ज्या आवाजाची आहे, त्याच आवाजाला मी साक्षीला उभं केलं आहे, आणि एक ओळही बदलणार नाही, असं सांगितलं. कोणीतरी पुटपुटलं, “पण वाचून तसं कळत नाही ना.”

“कारण तसं वाचलं नाही,” आई म्हणाली.

ती उठली आणि पुढं गेली. नियमात लेखकानं वाचायचं नाही एवढंच आहे. लेखकाच्या आईबद्दल नियम नाही. तिनं माझ्या हातातले कागद घेतले, चष्मा सारखा केला, “स्वल्प पाणी द्या” म्हणाली, पाणी प्याली आणि वाचायला लागली.

तिनं अण्णांची नक्कल केली नाही. रडवेली झाली नाही. वर्गाला गणित घालावं तसं एकेक वाक्य ठेवत गेली. आकडे नीट लिहून घ्या, घाई नको, असा सूर. शब्द तेच होते. पण मागच्या वेळी ज्या जागी ममता ऐकू आली होती, तिथं आता नुसतं वाक्य होतं, आणि ते वाक्य काय म्हणतं हे ऐकण्यावाचून लोकांना गत्यंतर नव्हतं. बँकवाले काका खाली बघत होते. हसायची जागा आली आणि गेली.

मग हेडमिस्ट्रेसबाईंच्या खोलीतला प्रसंग आला. माझ्या गोष्टीत तो दोन ओळींत संपतो: अण्णा जातात, सांगतात, निघून येतात. आईनं त्या दोन ओळी वाचल्या, कागद टेबलावर ठेवले आणि थांबली नाही. पुढं बोलत राहिली, ‘मी’ म्हणत, अण्णा होऊन.

“बाई ऐकेनात. म्हणाल्या, ती चांगली शिकवते, तिला येऊ द्या. मग मी त्यांना सांगितलं, आमच्या सुनेचं डोकं ठिकाणावर नाही. घरी आम्ही तिला सांभाळून घेतो. पण वर्गात तिच्या हातून एखाद्या पोराला काही झालं, तर जबाबदार तुम्ही. तेव्हा त्या गप्प झाल्या. कुणाचं भलं करायचं म्हटलं की चार शब्द इकडचे तिकडचे बोलावेच लागतात.”

मी हे लिहिलं नव्हतं. मला हे ठाऊकच नव्हतं.

आईनं कागद पुन्हा उचलले आणि उरलेली गोष्ट शेवटपर्यंत वाचली. टाळ्या झाल्या नाहीत. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, “जशी आहे तशी घेऊ.” कोणी नको म्हटलं नाही.

रिक्षात मी आईकडे बघत होते आणि ती रस्त्याकडे. शेवटी विचारलं, “ते खरं आहे?”

“हेडमिस्ट्रेसबाई मला पुष्कळ वर्षांनी बाजारात भेटल्या. थकल्या होत्या. त्यांनीच सांगितलं. माझा हात धरला आणि विचारलं, आता बरं वाटतं ना गं तुला?”

“मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? नाही म्हणून भांडले असते तर त्यांना वाटलं असतं, अजून बरी नाही. म्हटलं, हो बाई, आता बरं आहे.”

राग होता, पण तो कुठं ठेवायचा ते कळत नव्हतं. “हे तू मला कधीच सांगितलं नाहीस.”

“वेडी ठरवलेल्या बाईनं सांगायचं, की मला वेडी ठरवलं? कोण ऐकणार? आज अण्णांच्या तोंडी घातलं, तर बघ, एकानं हूं की चूं केलं नाही.”

मी म्हटलं की तेवढा भाग मी गोष्टीत घालते, आणि तो तुला कसा कळला, बाजारात काय झालं, तेही लिहिते.

“बाजारातलं नको,” आई म्हणाली. “शाळेतलं छाप. त्यांच्याच तोंडी. माझा एक शब्द मध्ये घालू नकोस.”