जेवायच्या वेळेचा भोंगा

धक्क्याजवळच्या मनोऱ्यात भोंगा आहे आणि तो वाजवणाऱ्याला सगळे भोंगेकाका म्हणतात. माणूस इतका मवाळ की बायकोशीही पुटपुटतच बोलणार.

दूर समुद्रात ज्वालामुखीचं एक बेट आहे. त्याच्या डोंगराला उभी चीर गेली आहे. काही शास्त्रज्ञ म्हणतात, अर्धा डोंगर एकदम समुद्रात कोसळेल आणि लाट किनाऱ्यावरची शहरं धुऊन नेईल. बाकीचे म्हणतात, छे, तुकड्यातुकड्यांनी ढासळेल, लाट वाटेतच विरेल. यांचं एकमत होईपर्यंत डोंगर थोडाच थांबणार! पालिकेने भोंगा बसवला आणि हात झटकले.

काकांची बायको कमरेखाली लुळी. घर तळमजल्यावर, समुद्रासमोर. दारातल्या पायऱ्यांवरून तिची चाकांची खुर्ची उतरवायला दोन माणसं लागतात. आणि इशारा आला की काकांनी मनोऱ्यावर खटका दाबून उभं राहायचं. हात काढला की भोंगा बंद. अख्ख्या शहराला उठवायचं यांनी, पण बायकोला उचलायचं कुणी?

काकांनी टेकडीवर राहणाऱ्या धाकट्या भावाकडे शब्द टाकला.

"वहिनी कधीही येऊ देत, दादा. फक्त आमच्याकडे जिने आहेत ना."

जिने काय काल बांधले? शेवटी शेजारचा न्हावी म्हणाला, "भोंगा झाला की मी आणि माझा कारागीर वहिनींना उचलतो. निर्धास्त राहा."

माती खाल्ली ती सगळ्या शहराने. चाचणीचा भोंगा रोज भर दुपारी होई. लोकांनी त्यालाच जेवायची वेळ करून टाकलं. "काका, आज उशीर केलात, पोटात कावळे ओरडायला लागले की!" काका हसत. हसायला नको होतं.

एके दिवशी चाचणीच्या जरा आधी खरा इशारा आला: बेटावरचा कडा खचलाय, लाट येऊ शकते. काकांनी खटका दाबला आणि खाली पाहिलं. कचेऱ्यांत डबे उघडले. न्हाव्याने शटर ओढलं आणि कारागिराला घेऊन तो जेवायला गेला. काका ओरडले. पण भोंग्यापुढे माणसाचा आवाज कुठला पुरायला?

त्यांनी हात काढला आणि ते धावत सुटले.

बायकोला खुर्चीत बसवून त्यांनी दारापर्यंत आणलं. पुढचं चाक उंबऱ्यात अडकलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं; घराघरांतून ताटवाट्यांचा आवाज येत होता. काकांनी जोर लावला, तशी पाठीत उसण भरली आणि ते तिथेच पायरीवर बसले. इशारा मागे घेतल्याचा फोन आला तेव्हाही दोघं तशीच होती.

"खरा होता?" न्हावी दात कोरत म्हणाला. "मग आधी सांगायचं नाही का, काका!"

वेळ बदला, म्हणून काकांनी पालिकेत सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, "लोक घाबरतील." शिवाय मनोरा सोडल्याबद्दल समज दिली ती वेगळीच.

"पुढच्या वेळी वरच थांबा," दारात बसलेली बायको म्हणाली. "खाली येऊन केलंत काय?"

 काकांनी तिची खुर्ची मागे ओढून दार लावून घेतलं.