नानांचे क्षेत्र

थंडावा! बाहेर जळगावचे चैत्रातले ऊन डांबराला घाम फोडीत असावे आणि दाराच्या आत पाऊल टाकताच अंगावर शहारा यावा, असा तो एमआरआयच्या खोलीतला थंडावा. काचेपलीकडे यंत्राची ठकठक चालली होती आणि यंत्राच्या पोटात माझे वडील निजले होते. सारे धरणगाव त्यांना नाना म्हणते. मीही नानाच म्हणते.

सकाळी पिंप्राळ्याला माझ्या घरी चहा पिताना त्यांच्या हातून कप निसटला आणि तोंडून शब्दच फुटेना. थोड्या वेळाने वाचा परतली, पण माझा जीव काही ठिकाणावर येईना. त्यात पहिल्या चित्रात मानेच्या रक्तवाहिनीत एक काळी फट दिसली. तिथे रक्त खरेच अडले होते, की चित्रच पुसट आले होते? अडले असेल तर शस्त्रक्रिया. आणि ती या वयात सोसेल, असे म्हणायला डॉक्टरही धजत नव्हते.

केवढे प्रचंड त्या यंत्रातले चुंबक, आणि तरी किती हळवे! माणूस आत निजला की त्याच्या हाडांनी, घशातल्या हवेने चुंबकाचे क्षेत्र जागोजागी बिघडते आणि नेमके तिथले वाहते रक्त चित्रातून नाहीसे होते. म्हणून या नव्या यंत्रात मानेभोवती तारांची लहान वेटोळी असतात. त्यांतून बेताची वीज सोडून तेवढ्याच जागेचे क्षेत्र सारखे करतात. साऱ्या शिवाराला हात न लावता एकच वाफा सपाट करावा, तसे.

यंत्र चालवणाऱ्या बाईंनी माइकवरून गोड आवाजात सांगितले, “नाना, क्षेत्र जरा उंचसखल आहे, सपाट करून घेते. हलू नका हं.”

झाले! क्षेत्र हा शब्द नानांनी जन्मभर सातबाऱ्यावरच वाचलेला. यंत्रातून तडक उत्तर आले, “कोनी सांगं तुले? मन्हं वावर बठ्ठं सपाट शे!” आणि मान हलवून त्यांनी ते चित्र बिघडवलेच.

मीच माइक ओढून घेतला. “नाना, वावर नही, मान! उगामुगा पडी ऱ्हा.”

बाई हसल्या, मीही हसले. हसता हसता डोळे भरून आले. पण नाना खरेच चुकले होते का? आपल्या जुन्या माणसांनी देहालाही क्षेत्रच म्हटले आहे. आयुष्यभर कापसाची जमीन कसणाऱ्याने आपल्या क्षेत्राची बाजू घेतली, तर त्यात नवल ते काय!

दुसऱ्या खेपेला ते निपचित राहिले. पडद्यावर मानेतून वर चढणारी शुभ्र रेघ हळूहळू उमटली. फटीच्या जागी ती अरुंद झाली होती, पण तुटली नव्हती. डॉक्टरांनी बराच वेळ न्याहाळून सांगितले, ऑपरेशन नको, गोळ्यांनी भागेल.

नानांनी ते चित्र बघायचा हट्टच धरला. पडद्याशी वाकून त्यांनी विचारले, “हाई मन्हं रगत?”

मी हो म्हटले. त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवले, मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, “तुन्हं बी हाईच.”