सुईकडे बघत ऐकलेली गाणी

फोरमनचं खरं नाव त्याच्या बायकोलाही एखादा फॉर्म भरतानाच आठवायचं. बस डेपोत त्याने छत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा फोरमन म्हणून. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी पेपरवाल्यापासून जावयापर्यंत सगळे त्याला फोरमनच म्हणत. डेपोत त्याच्या कानाचा दरारा होता. बस फाटकातून आत शिरत असायची, हा पाठमोरा बसून चहा पीत असायचा, आणि मान न वळवता म्हणायचा, "तिसऱ्या सिलिंडरने राजीनामा दिलाय. ड्रायव्हरला सांग, तूही देशील लवकरच." इंजिन उघडलं की बिघाड तिसऱ्या सिलिंडरमध्येच निघायचा.

आणि नेमका तोच कान गेला. छत्तीस वर्षं इंजिनांच्या पोटात डोकं घातलं त्याची वसुली बहुतेक. आधी दारावरची बेल गेली, मग नळाची टिपटिप, मग नातवाच्या बोलण्यातला अर्धा भाग. नातवाच्या बोलण्याचं त्याला विशेष वाईट वाटलं नाही.

"अहो, दूधवाला बेल वाजवून वाजवून परत गेला," बायको म्हणायची.

"मी पेपर वाचत होतो."

"पेपर काय कानाने वाचता?"

तिने डॉक्टरचा विषय काढला की फोरमन चप्पल घालून बाहेर पडायचा. घरात कळलं होतं त्याला इलाज नव्हता. पण गुरुवारच्या बैठकीत कळता कामा नये, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

गुरुवारी मास्तरचं शिवणकामाचं दुकान बंद असायचं. वरच्या खोलीत कापड बेतायचं लांबलचक टेबल होतं. दुपारी त्यावरची कात्री, खडू, अर्धवट बाह्या बाजूला सारून मास्तर तिथे रेकॉर्ड प्लेअर मांडायचा. बैठकीला तिघं. मास्तर, त्याची थोरली बहीण ताई, आणि फोरमन. ताईने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटरकी केलेली, त्यामुळे ती घरातही ऑपरेटरसारखीच बोलायची. सपाट आवाज, मोजके शब्द, मधे श्वास नाही. "चहा आहे साखर कमी आहे चालेल का नाही लवकर सांगा."

बैठकीतल्या रेकॉर्डी एकाच बँडच्या, आणि चव्वेचाळीस वर्षांपूर्वी या तिघांनी तो बँड समोर बघितला होता. खेळाच्या मैदानावर, भर दुपारी, कारण अंधार पडायच्या आत मैदान रिकामं करायची अट होती. पुढच्या वर्षी बँड फुटला. मग हळूहळू त्याची दंतकथा झाली, आणि आता त्या चौघांची तोंडं छापलेले टी-शर्ट घालून अशी पोरं हिंडतात ज्यांचे बापही तेव्हा रांगत होते. या तिघांना त्याची गंमत वाटायची. गुरुवारी एक रेकॉर्ड लावायची, दोन्ही बाजू ऐकायच्या आणि मग "तेव्हा काय झालं होतं" यावर भांडायचं. भांडण दर वेळी तेच असायचं, म्हणून सगळ्यांना आवडायचं.

पूर्वी बैठकीत चौथा एक होता. पोस्टमन. त्याचे गुडघे धरले, जिना चढवेना. "असू दे, त्याला कशाला त्रास," असं सगळे फार मायेने म्हणाले. पहिल्या महिन्यात दोनदा फोन झाले. सहा महिन्यांनी एकही नाही. भांडण नाही, रुसवा नाही, माणूस नुसता गळला. "असू दे, त्याला कशाला त्रास" हे वाक्य पहिल्यांदा फोरमनच बोलला होता. म्हणून त्याला ते वाक्य नीट माहीत होतं. आपल्याबद्दल ते कोणी बोललं की आपला गुरुवार संपला, हे त्याला कळत होतं. आणि गुरुवार सोडून आठवड्यात त्याच्याकडे दुसरं होतं काय? बँकेत जाऊन पासबुक भरून आणणं.

त्यामुळे त्याने कामाला लागावं तसं या गोष्टीला हात घातला. ओठ वाचायला तो बसल्या बसल्या शिकला. ताईचे सोपे होते, ती शब्द टंकल्यासारखे सोडायची. मास्तर मात्र महाकठीण. त्याला तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, शिवणकाम नसलं तरी. ओठांच्या एका कोपऱ्यातून "म्ह्हं फोम्मन, क्कसं व्हाट्टं" असं काहीतरी बाहेर पडायचं. फोरमनने त्यावर एकच उत्तर ठरवलं होतं. "तुझंच खरं." मास्तर त्यावर इतका खूश व्हायचा की पुढचं काही विचारायचाच नाही.

गाण्यांचा बंदोबस्त त्याहून पक्का होता. फोरमन सुईकडे बघायचा. रेकॉर्ड फिरते तशी सुई कडेकडून मधल्या कागदाकडे सरकत जाते, आणि या रेकॉर्डी त्याला इंजिनासारख्या पाठ होत्या. कडेपासून दोन बोटं आत आली सुई की गिटार एकटी सुटते. तीन बोटं आली की ढोल. मधल्या कागदापासून अर्ध्या बोटावर गायक ती प्रसिद्ध किंकाळी मारतो. त्या त्या जागी फोरमन डोळे मिटायचा, मान डोलवायचा, मांडीवर ठेका धरायचा आणि कधी कधी "क्या बात है" म्हणायचा. या त्याच्या ठरलेल्या जागा होत्या आणि त्या कधी चुकल्या नाहीत. वर्षभर हे बिनबोभाट चाललं.

त्या गुरुवारी मास्तर चष्मा खाली दुकानात विसरला. जिना उतरायचा कंटाळा केला आणि अंदाजाने रेकॉर्ड लावली. ती पडली उलटी. पहिल्या बाजूऐवजी दुसरी.

दुसऱ्या बाजूला पहिलंच गाणं म्हणजे लांबलचक, अगदी संथ, अंगाईसारखं. नुसता आवाज आणि मागे पेटीसारखा सूर. सुई कडेपासून दोन बोटं आत आली. फोरमनने डोळे मिटले, मान झटकली, हाताने हवेत गिटारच्या तारा छेडल्या आणि म्हणाला, "क्या बात है. जाळलंन बघ मैदान."

गायक त्या वेळी म्हणत होता की तुझी आई झोपली आहे, हळू बोल.

मास्तर गालातल्या गालात हसला, त्याला वाटलं चेष्टा आहे. ताई हसली नाही. तीस वर्षं तिने लाइनच्या दुसऱ्या टोकाला कोणी आहे की नाही, हे नुसत्या शांततेवरून ओळखलं होतं. तिने चहाचा कप तोंडापुढे धरला, इतका वर की ओठ दिसू नयेत, आणि आपल्या त्या सपाट आवाजात म्हणाली, "फोरमन तुझ्या खुर्चीखाली झुरळ आहे."

फोरमन मांडीवर ठेका धरून बसला होता.

"मोठं आहे पायावर चढतंय."

फोरमन सुईकडे बघत राहिला. तीन बोटं. त्याने ढोलासाठी दोन्ही हात उचलले.

ताईने उठून सुई उचलली. फोरमनचे हात तसेच हवेत. त्याला सुई वर गेलेली दिसली, दोघं आपल्याकडे बघताहेत हे दिसलं, आणि आपलं पितळ उघडं पडलं हे त्याला न ऐकताच कळलं.

"कधीपासून?" ताईने कप खाली ठेवून विचारलं.

"काय कधीपासून?"

"फोरमन."

"वर्ष झालं," तो म्हणाला. मग घाईघाईने, "पण मला जिना चढता येतो. बैठकीत माझा काही त्रास नाही कोणाला. मी बसतो गप. मला पोस्टमन करू नका."

मास्तरने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि टेबलाच्या फळीला टोचल्या. चार निघाल्या. बराच वेळ लागला, पण त्याला तो हवाच होता.

"म्हणजे मी वर्षभर जे बोललो," तो म्हणाला, "त्यातलं तुला..."

"तुझंच खरं," फोरमन म्हणाला.

ताईला आधी हसू फुटलं, मग मास्तरला. पोस्टमनचं नाव निघाल्यावर खोलीत जे काही साचलं होतं ते त्या हसण्याने थोडं हललं. "उद्या पोस्टमनकडे जाऊन येऊ तिघंही," ताई म्हणाली.

मग तिने खुर्ची ओढून फोरमनसमोर घेतली. "पण मला एक सांग. ऐकू येत नाही तर मान कशावर डोलवतोस? नुसतं नाटक?"

फोरमनला ते लागलं. "नाटक कशाला? वाजतं की आत."

"रेकॉर्ड?"

"छे. मैदानातलं. त्या दुपारचं." मग त्याला जरा धीर आला. "आता गिटार सुटली होती ना, तिथे तार तुटते. म्हणजे तुटली होती. सगळ्यात बारीक तार."

"तार कुठे तुटली?" मास्तर म्हणाला. या वेळी त्याचे ओठ चक्क दिसत होते.

"तुटली. तिसऱ्या गाण्यात. गिटारवाला ढोलवाल्याच्या मागे जाऊन बसला, खिशातून नवी तार काढली. सात वेढे दिले त्याने खुंटीला, मी मोजले. राहिलेलं टोक दातांनी तोडलं. आमच्या डेपोत असं वायर तोडणाऱ्याला मी दंड केला असता. तेवढा वेळ ढोल थांबला नाही. तसाच चालू, एका लयीत, गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवतात तसा. आणि गायक..."

"गायकाने संत्रं खाल्लं," ताई म्हणाली.

ती स्वतःच दचकली. चव्वेचाळीस वर्षांत या टेबलावर संत्र्याचं नाव निघालं नव्हतं. दर गुरुवारी रेकॉर्ड ऐकून ऐकून त्या दोघांच्या डोक्यातली दुपार हळूहळू रेकॉर्डसारखीच झाली होती. तार न तुटणारी, संत्रं नसलेली. वर्षभर रेकॉर्ड ज्याच्या कानात शिरली नाही, त्याच्याकडे ती दुपार जशीच्या तशी परत वर आली होती.

"सालं मुठीत धरलेली," फोरमन म्हणाला. "माइकसमोर उभा राहून खाल्लं. बिया खाली थुंकत होता आणि पुढच्या रांगेतली पोरं त्याही उचलत होती."

मास्तर खुर्चीत मागे टेकला. "एक बी माझ्याकडे होती," तो हळूच म्हणाला. "कुंडीत लावली होती. आली नाही."

त्या दिवशी रेकॉर्ड परत लागली नाही. फोरमन बोलत होता आणि दोघं ऐकत होते, मधेमधे अडवत होते. अडवायचं असेल तर ताई लाकडी पट्टीने त्याच्या गुडघ्यावर टकटक करायची.

डॉक्टरकडे तो नंतरच्या सोमवारी गेला. बायकोने नंबर आधीच लावून ठेवला होता. महिन्याभराने कानामागे यंत्र आलं. पहिले दोन दिवस त्याला जगातल्या सगळ्या पिशव्या कुरकुरताना ऐकू आल्या. नातू बोलतो ते सगळंच ऐकू येतंय अशी त्याने तक्रारही केली.

मग गुरुवार आला. मास्तरने चष्मा लावून, दोनदा तपासून, पहिली बाजू लावली. फोरमन पुढे वाकून ऐकत होता. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होता, पण होता. तिसरं गाणं आलं. गिटार सुटली, सरळ वर चढली आणि बिनतक्रार पुढे निघून गेली.

फोरमनचा चेहरा पडला. "इथे थांबायला हवं," तो म्हणाला.

ताईने काही न विचारता सुई उचलली. मास्तरने बोटाच्या टोकावर शिवणाची धातूची टोपी, अंगुस्तान, चढवली आणि टेबलाच्या कडेवर ठेका धरला. टक, टक, टक, एका लयीत. तिघं तार बदलून व्हायची वाट बघू लागले. खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली आणि ती फोरमनलाही ऐकू आली.

"झालं असेल आता," थोड्या वेळाने ताई म्हणाली. "दोन मिनिटं होत आली."

"एवढ्यात?" मास्तर ठेका न सोडता म्हणाला. "एक संत्रं दोन मिनिटांत? बिया काढून?"

"त्याला गायचं होतं तो काय चवीने खात बसणार होता का?"

"अर्धंच झालंय अजून," फोरमन म्हणाला. "गप बसा दोघं. खाऊ द्या त्याला."