ट्रेसचं मनगट

वर्लिन स्ट्राउड आमच्या ओक्लाहोमातला. गावोगावच्या शाळांची मैदानं पालथी घालून कॉलेजच्या बेसबॉल संघासाठी पोरं हेरायची आणि त्यांना खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती मिळवून द्यायची, हे त्याचं काम. माणूस तसा शांत, पण त्या दुपारी मैदानातच पेटला.

तो ट्रेस नावाच्या शाळकरी पोराला बघायला आला होता. पोराचा फटका असा, की चेंडू कुंपणापलीकडच्या गव्हात जाऊन पडायचा. सरावात पहिलाच चेंडू तिकडे गेला आणि लोकांनी आरडाओरडा केला. वर्लिन मात्र पोराचं तोंड बघत होता. दर फटक्याला ते वेदनेने वाकडं होत होतं.

"मनगट दाखव," तो म्हणाला. पोराने मनगटावर गुंडाळलेली पट्टी सोडली, तर ते सुजून टम्म झालेलं.

"किरकोळ लचकलंय, साहेब," पोराचा बाप रॉयस मध्ये पडला. "अजून दहा मारेल की. मार रे!"

पोराने मुकाट्याने बॅट उचलली. वर्लिनने ती हिसकावून घेतली. "बाप आहेस की कसाई? हात कायमचा जाईल त्याचा!"

"मग शिष्यवृत्तीचं काय?"

"आधी डॉक्टरला दाखव. हात बरा झाला की मी स्वतः येतो."

"जगात तुमचंच एक कॉलेज आहे होय?" रॉयसने पोराला दंडाला धरून गाडीत कोंबलं.

दुसऱ्या एका कॉलेजने ट्रेसला लगेच उचललं. पहिल्याच हंगामात मनगटाची शस्त्रक्रिया झाली आणि त्याचा खेळ संपला. वर्लिनसमोर आजही कुणी रॉयसचं नाव काढलं, तर तो हातातली कॉफी तशीच टाकून उठून जातो.