गरम इंजिन

आईला घरीच ऑक्सिजनचं मशीन लावावं लागलं, तेव्हा आमच्या खांडबाऱ्यात लाइट सारखी जात होती. इन्व्हर्टरवर ते मशीन फार वेळ टिकेना, म्हणून मी जुना डिझेल जनरेटर शोधू लागलो. नवापूरजवळ एक पोल्ट्री बंद झाली होती, तिथला विकायला होता. ओळखीच्या मेकॅनिकने एवढंच बजावलं होतं, "इंजिन थंड असताना सुरू झालं, तरच घ्या. गरम असलं की खराब इंजिनही सुरू होतं."

टेम्पो घेऊन पोहोचलो तर जनरेटर शेडमध्ये आधीच धडधडत होता. मालक हसून म्हणाला, "तुम्हनाकरता चालू करी ठेवं, भाऊ."

"बंद करा. थंड झाल्यावर पुन्हा बघू."

त्याचं हसू मावळलं, पण त्याने बंद केला. रिकाम्या पिंजऱ्यांशेजारी आम्ही बसून राहिलो. मी मधूनमधून उठून इंजिनाला हात लावायचो. ते गरमच असायचं.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. "दादा, लाइट गेली. इन्व्हर्टर ओरडायला लागलाय. लवकर ये."

मालकाने सगळं ऐकलं होतं. मीच म्हणालो, "टेम्पोत चढवा."

घरी आलो तोवर लाइट आली होती आणि आईचं मशीन सुरू होतं. अंगणात मी जनरेटरचं हँडल मारत राहिलो. खांदा भरून आला, तरी इंजिनाने नुसता पांढरा धूर सोडला.

आतून आईने विचारलं, "चांगलं शे ना रे?"

"शे, माय," मी म्हणालो आणि पुन्हा हँडल धरलं.