जगदाळे काका, गोल्फ आणि माझी न फिरणारी कंबर

जगदाळे काका गेले, आणि जाताना माझ्या लग्नाचा निकाल सोबत घेऊन गेले.

परवा सकाळी काकूंकडे चहा मागितला. चहा येईपर्यंत नव्हते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काका मूळचे साताऱ्याचे. सगळी नोकरी बोईसरला एमआयडीसीत. कंपनीने एकदा परदेशात पाठवलं, तिथून चॉकलेटं आणायची सोडून गोल्फच्या काठ्या घेऊन आले.
रिटायर झाल्यावर पालघरहून स्कूटरवर आमच्या शिरगावच्या किनाऱ्यावर यायचे. ओहोटी लागली की ओली वाळू घट्ट होते. तेच त्यांचं गोल्फचं मैदान.

आमची ओळख भांडणातून झाली.
आईने दोरीवर बोंबील सुकत घातले होते, त्यात ह्यांचा बॉल आला.
आई म्हणाली, "त्या म्हाताऱ्याला सांग, परत आला तर बॉल कालवणात टाकीन."
मी तापलेलाच असतो. कॉलेजही एका सरांशी भांडून सेकंड इयरला सोडलंय. गेलो तणतणत.

मी वाट्टेल ते बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि काठी माझ्या हातात दिली.
"हं. आता हे सगळं बॉलला सांग."

मी जीव खाऊन मारला.
बॉल जागेवर. वाळूचा गोळा काकांच्या चष्म्यावर.

"नुसत्या हातानं मारलास. भांडायला आल्यासारखा."
"भांडायलाच आलोय!"
"मग उद्या पण ये."

गेलो. का गेलो, माहीत नाही. बॉल हलला नाही याचा राग असेल.

माझा प्रॉब्लेम काकांना लगेच कळला. माझी कंबर फिरायचीच नाही.
कशी फिरणार? लहानपणापासून बाबांबरोबर होडीत. हलत्या होडीत पाय रोवायचे, कंबर घट्ट धरायची आणि जाळं हातांनी, खांद्यांनी ओढायचं. तिथे कंबर फिरवली की माणूस पाण्यात.
काका ओरडायचे, "अरे ही जमीन आहे! बुडत नाहीस तू!"

मग धडा. काठी मागे नेताना छाती वळव, वजन उजव्या पायावर. खाली येताना आधी कंबर समोर वळव, मग छाती. हात सगळ्यात शेवटी. त्यांना घाई करायची नाही.
ऐकायला सोपं आहे. करून बघा.

मी वळायच्या ऐवजी नुसता बाजूला सरकायचो. त्यावर काकांचा उपाय:
किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीला पाठ करून वाकून उभं राहायचं. मागे जाताना उजवा कुल्ला होडीला लागला पाहिजे, पुढे येताना डावा.
उजवा. डावा. उजवा. डावा.
भर गावात.
बोंबील उलटवणाऱ्या बायका आईला विचारायच्या, "पोराला खरूज झालीय काय गं?"
आई म्हणायची, "नाय गं, गोल्फ हाय तो."

आणि नेमकी त्याच वेळी ती आली.

तिचं नाव लिहीत नाही. तिचा भाऊ माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे.
मी बोईसरला ज्या मोबाईलच्या दुकानात काम करतो, तिथे ती स्क्रीन गार्ड लावायला आली होती. मी मुद्दाम बुडबुडा ठेवला. ती परत आली. मी परत ठेवला. तिला कळलं होतं, तरी येत राहिली.
मला सरप्राइज द्यायला उमरोळीवरून स्कूटी मारत आली, आणि बघते तर मी होडीला कुल्ले घासतोय.

ती वाळूत बसून हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

काकांनी तिला ओळखलं. तिचे पप्पा त्यांचे कंपनीतले जुने दोस्त.
ती गेल्यावर मी काकांचे पाय धरले. "तुम्ही शब्द टाका ना काका. घाटावरची माणसं ती, मी कोळ्याचा, त्यात कॉलेज सोडलेला. माझं कोण ऐकणार?"
"ज्या दिवशी कंबर आधी आणि हात नंतर येतील, त्या दिवशी जातो. रागानं मारणाऱ्यासाठी मी शब्द टाकत नाही."

मित्रांनो, प्रेमासाठी लोक काय काय करतात. मी कंबर फिरवली.

बऱ्याच दिवसांनी तो शॉट लागला. ती समोर बसून काहीतरी बडबडत होती, मी ऐकता ऐकता मारला. आधी बॉल, मग वाळू. हाताला काही जाणवलंच नाही. बॉल शिरगावच्या किल्ल्याच्या दिशेने सरळ गेला.
काकांनी टाळी वाजवली नाही. म्हणाले, "रविवारी जातो."

सोमवारी मी विचारलं, "काय झालं?"
"बोललो."
"ते काय म्हणाले?"
"विचार करतो म्हणाला. चहा चांगला होता."
त्यापुढे रोज विचारायचो, रोज म्हणायचे, "खांदा बघ तुझा."
आणि परवा गेले.

त्याच दुपारी स्मशानात तिचे पप्पा आले होते. मी कोपऱ्यात उभा. ते सरळ माझ्याकडे आले.

"तो तूच ना?"
"हो."
"जगदाळे दुपारभर बसला होता माझ्याकडे. तुझं शिक्षण सांगितलं नाही, पगार सांगितला नाही. हॉलमध्ये उभा राहून मला कंबर फिरवून दाखवत होता. फ्लॉवरपॉट फुटला आमचा."
मी खाली बघितलं. हसायची जागा नव्हती.
"जाताना म्हणाला, पोराची कंबर मोकळी झालीय, बिनधास्त मुलगी दे. आता मुलीच्या बापाने यावर काय बोलायचं?"

 ते चितेकडे बघत राहिले. मग चष्मा काढून पुसला.
"म्हटलं, परत भेटला की विचारू, नक्की सांगायचं काय होतं तुला. आता कोणाला विचारू?"

मी म्हणालो, "मला विचारा."

त्यांनी चष्मा परत घातला आणि माझ्याकडे बघितलं.
"रविवारी ये. बसून बोल."

जातोय.

काका, तुमच्या खूप शिव्या खाल्ल्या. अजून खायच्या होत्या.
मनापासून नमस्कार.