तेलाची वाटी

चावडीच्या ओट्यावर गावचे पंच बसले होते. माझा बाप खाली मातीत उभा. चपला लांब काढून ठेवायला लावलेल्या.

सरपंचानं तेलाची वाटी पुढं केली. "घे हातात. शनीची आन घे आन् सांग, बांध कुठं हुता."

आमचं गाव राहुरीहून शिंगणापूरला जाणाऱ्या वाटेवरचं. नव्वद साल उलटून गेलं होतं, सरपंचाच्या माडीवर डिश अँटेना आला होता, पण तंटा मिटायचा तो अजून तेलाच्या वाटीवर. खोटी आण कुणी घेत नाही, असं सगळे धरून चालायचे.

शेजारचा बापूराव दर पेरणीला नांगर थोडा आमच्या रानात घालायचा. बांध सरकत सरकत आईपर्यंत आला. आईला आम्ही बांधाकडेच्या बोरीखाली पुरलं होतं. वर चार दगड, तेवढीच खूण. त्यानं दगड फेकून दिले आणि वरून ट्रॅक्टर फिरवला.

बाप वाटीला शिवला नाही. "म्या धम्म घेतलाय. देवाची आन घेता यायची न्हाई. पन खरं सांगतो, बांध बोरीच्या पल्याड हाय."

"देवच न्हाई, तर तुझं खरं कशावरून?" सरपंच म्हणाला.

सगळा ओटा हसला. मी माहेरी आले होते, बायकांत उभी होते. त्यांच्यातल्याही दोघी हसल्या.

बापूरावानं वाटी घेतली. शनीची आण घेऊन बोर आपल्या हद्दीत असल्याचं सांगितलं. धडधडीत खोटं. हातातलं तेल हललंसुद्धा नाही. माझी आई त्याच्या रानात गेली.

घरी मी बापाला म्हटलं, "दादा, वकिलाकडं जाऊ."

"नगं पोरी. तिथंबी देवाचीच शपथ घ्याया लावत्यात. परत समद्यांम्होरं तेच."

तेव्हापासून गाव त्याला खोटा म्हणायला लागलं. गिरणीत, पारावर, कुठंही. आयुष्यभर खरं बोललेला माणूस. पुढं पुढं बोलायचाच बंद झाला. रस्त्याच्या कडेला बसून लांबून बोरीकडं बघायचा. एक दिवस बापूरावानं बोरही तोडली. त्याच थंडीत बाप गेला. आईच्या शेजारी ठेवा, एवढंच सांगून गेला होता. आम्ही त्याला घेऊन गेलो, तर बांधावर ट्रॅक्टर आडवा लावलेला. बापाला ओढ्याकाठी पुरलं.

मग मी एकटीच राहुरीला वकीलबाईंकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मोजणी मागवली होती?"

"नाही."

"नांगर पहिल्यांदा आत आला तेव्हाच यायचं होतं. सरकारी मोजणी आणायची, कोर्टातून मनाई घ्यायची. आण घेऊन जमीन कुणाची होत नसते."

मी म्हटलं, वडील देवाची शपथ घेणारे नव्हते.

"घ्यावीच लागते असं नाही. 'खरं सांगेन' अशी प्रतिज्ञा केली तरी कोर्टात चालते. तिला शपथेइतकीच किंमत."

मी तिथंच टेबलावर डोकं टेकून रडले. जमिनीसाठी नाही. माझ्या बापाच्या खऱ्याला जागा होती. एसटीच्या एका तिकिटावर होती. आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

मोजणीचा अर्ज दिल्यावर सरपंचाचा निरोप आला. "बाई, गावातच मिटवू."

मी उलटा निरोप धाडला, "गावानं मिटवलं ते बघितलं."

कोर्टात बापूराव देवाची शपथ घेईल. खुशाल घेऊ दे. मी प्रतिज्ञा करीन आणि बापानं सांगितलं होतं तेच सांगेन. बांध बोरीच्या पल्याड आहे. बोर तोडली, तरी बुंधा अजून जमिनीत आहे.

मोजणीदार येईल त्या दिवशी सगळं गाव बघायला जमेल. मी आईच्या उशाशी उभी असेन. पायात चपला घालून.